दक्षिण युटाच्या घळी आणि टोपो नकाशा: रेषांमध्ये काय दिसतं, काय लपतं

कातळवाट

"एस्कलांटेकडे जायचं ठरतंय, कुठलं अॅप घ्यावं?" अशी विचारणा अधूनमधून होते आणि उत्तरांत अॅपची नावं पडतात. अॅप कुठलंही घ्या हो. त्याच्या पोटात जो नकाशा आहे तो वाचता आला नाही, तर त्या मुलखात तुम्ही नुसता निळा ठिपका बघत बसणार. म्हणून हा वेगळा धागा.

मुलूख म्हणजे कोलोरॅडो पठाराचा दक्षिण युटातला भाग: एस्कलांटे नदीच्या उपघळी, सीडर मेसा, कॅनियनलँड्समधला मेझ, अॅरिझोनाच्या सीमेवरची परीया. मळलेल्या वाटा इथे थोड्याच, पाट्या त्याहून कमी. नकाशा म्हणजे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा टोपो, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा: अक्षांश-रेखांशाच्या साडेसात मिनिटांचा, १:२४,००० चा. एका पानावर साधारण १४ किलोमीटर उंचीचा आणि ११ किलोमीटर रुंदीचा प्रदेश मावतो. सगळी पानं फुकट उतरवून घेता येतात.

सह्याद्रीत फिरलेल्यांना सुरुवातीला इथे सगळं उलटं वाटतं. तिकडे गाव आणि पाणी खाली, अवघड जागा वर. इथे गाडी वरच्या सपाट पठारावर उभी राहते, पाणी आणि अडचण दोन्ही खाली. त्यामुळे नकाशाला विचारायचा पहिला प्रश्न "वर कुठून चढू" हा नसतो. "कड्याच्या या पट्ट्याला भोक कुठे आहे" हा असतो. मैलोन्‌मैल तपकिरी समोच्च रेषा (कंटूर, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना चिकटून धावतात आणि मधेच एखाद्या ठिकाणी जरा सुटतात. ती सुटलेली जागा शोधणं हा इथला निम्मा उद्योग.

माझी पद्धत सांगतो. उपघळीच्या तोंडाशी बोट ठेवायचं आणि तुटक निळ्या रेषेवरून वर सरकत जायचं. समोच्च रेषा ओढ्याला जिथे ओलांडते तिथे तिचा इंग्रजी व्ही होतो, टोक वरच्या अंगाला. हे व्ही सारख्या अंतरावर येत राहिले तर ओढ्याचं पात्र चालण्याजोगं. तीन-चार व्ही एकात एक घुसले तर तिथे कोरडा धबधबा. नकाशाच्या तळाशी दोन रेषांमधलं उंचीचं अंतर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. या भागात बहुतेक ठिकाणी ते ४० फूट असतं, काही पानांवर २० किंवा ८०.

४० फुटांचा हिशेब डोक्यात पक्का असला पाहिजे. या प्रमाणावर दोन रेषांमध्ये अर्धा मिलिमीटर उरला तर उतार जवळपास ४५ अंशांचा. एक मिलिमीटर असेल तर २७ अंश, दोन असतील तर १४. उघड्या वालुकाश्मावर बुटांची पकड चांगली बसते, पण ४५ अंश म्हणजे दोर काढायची वेळ. मी नकाशाच्या पिशवीत मिलिमीटरची छोटी पट्टी ठेवतो. लोक हसतात, हसू देत.

आता या नकाशाची खोडी. दोन रेषांच्या मधे ४० फूट असतात, म्हणजे ३५ फुटांचा सरळसोट कडा त्या पांढऱ्या जागेत आरामात दडून बसू शकतो. रेषा मोकळ्या दिसल्या म्हणून वाट मोकळी असं समजू नका. रेषा गच्च असतील तर "नाही" हे उत्तर पक्कं. मोकळ्या असतील तर उत्तर फक्त "बघू" एवढंच.

सई_क

मस्त धागा! पट्टीचा हिशेब लिहून घेतला.

एक बाळबोध शंका. फोटोंमध्ये त्या अरुंद, वळणावळणाच्या घळी दिसतात ना, दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात अशा? त्या नकाशावर शोधायला गेले तर काहीच दिसेना. रेषा जेमतेम जरा आत वळल्यासारख्या. मी चुकीचं पान उघडलंय का?

कातळवाट

पान बरोबर असणार. १:२४,००० वर एक मिलिमीटर म्हणजे २४ मीटर. दोन मीटर रुंदीची घळ काढायची तर ती ०.०८ मिलिमीटरची होईल, छापलेली रेषाच त्याहून जाड असते. शिवाय हे कंटूर मुळात विमानातून काढलेल्या फोटोंच्या जोड्या यंत्रात घालून रेखाटलेले. घळीचा तळ सावलीत, वरून दिसतच नाही, मग रेखाटणार काय? कपारी आणि पुढे आलेले कडे यांचीही तीच गत. समोच्च रेषेला स्वतःच्या पोटाखाली जाता येत नाही.

त्यामुळे अशी घळ अंदाजाने ओळखायची. वर मोठं पाणलोट, खाली गुळगुळीत कातळाचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात ओढा अचानक फारसा खोल न दिसणारा. एवढं पाणी जातं कुठून, असा प्रश्न पडला की तिथे काहीतरी आहे समजा.

भूगर्भी

उत्तम लेखन. यात खडकांची भर घालतो, कारण या प्रदेशात कंटूर म्हणजे थरांची सही असते.

एस्कलांटेच्या खालच्या भागात वरून खाली उतरताना तीन थर क्रमाने भेटतात: नावाहो, कायेंटा, विंगेट. तिन्ही सुरुवातीच्या ज्युरासिक काळातले. नावाहो म्हणजे प्राचीन वाळूच्या टेकड्यांचा झालेला वालुकाश्म. झिजून त्याचे घुमट होतात, म्हणून नकाशावर रेषा लाटांसारख्या आणि मधेमधे बंद वर्तुळं. सई म्हणतात त्या अरुंद घळी बहुतेक याच थरात. कायेंटा नदीच्या गाळाचा, कठीण-मऊ पदर एकाआड एक. त्याच्या पायऱ्या होतात, रेषा जवळ-लांब, जवळ-लांब. विंगेट मात्र उभ्या भेगांनी फुटतो, त्याचे शेकडो फुटांचे सरळ कडे. तिथे रेषा एकत्र होऊन एकच जाड तपकिरी पट्टा दिसतो. त्याखाली चिन्ले, मऊ, घसाऱ्याचा उतार.

याचा फायदा काय? घळीतून बाहेर पडायचं असेल तर कायेंटाच्या पायऱ्यांवरून आडवं चालत जाता येतं. विंगेटचा पट्टा मात्र जिथे दरड कोसळून उतार झालाय किंवा मोठी भेग आहे तिथेच फुटतो. नकाशावर त्या जाड पट्ट्यात कुठे रेषा सुट्या होतात ते बघायचं. युटाच्या भूगर्भ विभागाचे भूशास्त्रीय नकाशेही फुकट मिळतात. ते टोपोशेजारी ठेवून बघा, आधी नुसत्या रेषा वाटत होत्या तिथे कारण दिसायला लागेल.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं. नावाहो सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यात मुरतं. कायेंटाच्या घट्ट पदरावर ते अडतं आणि घळीच्या भिंतीतून पाझरतं. तिथेच त्या मोठ्या कमानीसारख्या कपारी तयार होतात आणि भिंतीवर नेचे उगवतात. म्हणजे या दोन थरांची सीमा कुठल्या उंचीवर येते ते कळलं की झरे कुठल्या उंचीला शोधायचे तेही कळतं.

तिरकस

वाचून एवढं कळलं की नकाशात दिसतं ते अर्धं, न दिसणारं जास्त. मग त्यापेक्षा फोन बरा नाही का? ठिपका तरी दिसतो. हलकेच घ्या.

रेखांश

तिरकसराव, फोन बराच आहे, नाही कोण म्हणतंय. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, नकाशा आधी उतरवून ठेवला की झालं. पण खोल घळीत आकाशाची चिंचोळी पट्टी उरते, उपग्रह कमी आणि संदेश भिंतींवर आपटून येणारे. मग तुमचा ठिपका मजेत वरच्या कड्यावर फिरत असतो आणि तुम्ही ३०० फूट खाली. अशा वेळी वळणं मोजत चालणं हाच उपाय. ओढ्याने पूर्वेला मोठा वळसा घेतला, डावीकडून उपघळ आली, असं नकाशावर बोट ठेवून.

जुने स्कॅन केलेले नकाशे वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

एक, डेटम, म्हणजे जागांचे आकडे ज्या पायावरून मोजतात तो. जुनी पानं १९२७ च्या उत्तर अमेरिकी डेटमवर आहेत, तुमचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. युटीएमचे (जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या जाळीचे) आकडे एकावरून वाचून दुसऱ्यात घातले तर इथे उत्तर-दक्षिण सुमारे २०० मीटरचा फरक पडतो. सपाट रानात चालून जाईल. सीडर मेसाच्या कडेवर २०० मीटर म्हणजे शेजारची घळ. जवळपास सगळा युटा युटीएमच्या १२ व्या पट्ट्यात येतो, तेवढी एक डोकेदुखी कमी.

दोन, चुंबकीय दिक्पात, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन. ८० च्या दशकातल्या पानांवर या भागात पूर्वेला १४ अंशांच्या आसपास छापलेला दिसेल. आज तो १० ते ११ अंश आहे. छापील आकडा होकायंत्रावर लावलात तर किलोमीटरभर चालल्यावर ६०-७० मीटर बाजूला. निघायच्या आधी ताजा आकडा काढून नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहा.

प्रवासी_पाखरू

जुने स्कॅन कशाला, २००९ पासून नवीन यूएस टोपो आलेत की. त्यांच्यात डेटमची भानगडच नाही.

रेखांश

आलेत, आणि रस्त्यांसाठी मी तेच बघतो. पण नवीन पानं संगणकातल्या माहितीसाठ्यांवरून तयार होतात, कुणी जागेवर जाऊन तपासत नाही. जुन्या पानांवर सर्वेक्षकाने पाहून नोंदलेले झरे, गुरांसाठीची तळी, खेचरांच्या वाटा, पडकी झोपडी असं बरंच असायचं. नव्यातून त्यातलं पुष्कळ गळालंय. नवे कंटूरही उंचीच्या आकड्यांवरून यंत्राने काढलेले, त्यामुळे कड्याच्या धारा काही ठिकाणी गुळगुळीत होतात. जुन्या पानावर ती धार माणसाच्या हाताने ओढलेली असते.

माझ्या मते दोन्ही शेजारी उघडून बघावेत. जिथे दोघांचं पटत नाही तिथे जास्त लक्ष द्यावं.

कातळवाट

+१. भांडण असेल तिथेच बहुतेक वेळा काहीतरी सापडतं.

सई_क

भूगर्भींचा प्रतिसाद दोनदा वाचला. दंडवत!

पाण्याचं विचारायचं होतं. नकाशावर निळ्या अक्षरांत स्प्रिंग लिहिलंय. त्यावर विसंबून पाणी कमी नेलं तर चालेल का?

कातळवाट

नाही. एकदम नाही.

नकाशावरचा झरा म्हणजे सर्वेक्षक आला त्या ऋतूत तिथे पाणी होतं एवढंच. तुटक निळी रेषा म्हणजे पाऊस पडल्यावर वाहणारा ओढा, एरवी वाळू. टँक लिहिलं असेल तर ते गुरांसाठी बांध घातलेलं तळं असू शकतं किंवा कातळातला नैसर्गिक खळगा, आणि दोन्ही आटतात. इथल्या वॉटरपॉकेट फोल्ड या कातळरांगेचं नावच त्या रांजणखळग्यांवरून पडलंय, पण वादळानंतरच्या आठवड्यात भरलेले खळगे जूनमध्ये कोरडे ठणठणीत. माणशी दिवसाला चार लिटर हा राष्ट्रीय उद्यानवाल्यांचा सल्ला, उन्हाळ्यात चालणार असाल तर त्याहून जास्त.

मी झऱ्यांची तीन गटांत वाटणी करतो. थरांच्या सीमेवर आहे, जुन्या नकाशावर आहे आणि उपग्रहचित्रात तिथे गर्द हिरव्या कॉटनवुड झाडांचा पुंजका दिसतो: हा भरवशाचा. तीनपैकी दोन जुळले: रेंजरला विचारायचं. एकच जुळलं: तिथे पाणी नाही असं धरून निघायचं. सीडर मेसाला जात असाल तर केन गल्चच्या रेंजर ठाण्यावर कुठल्या झऱ्याला सध्या पाणी आहे ते विचारा. तिथल्या माणसाचं दोन मिनिटांचं बोलणं माझ्या सगळ्या गटांपेक्षा भारी.

प्रवासी_पाखरू

पाणी नसण्याइतकंच पाणी येण्याचंही बघा. जुलै ते सप्टेंबर तिथे मान्सूनचा हंगाम. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटिलोप कॅनियनमध्ये अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. पाऊस पडला होता काही मैल वरच्या अंगाला.

इथे टोपो नकाशाचा खरा उपयोग होतो. तुमच्या घळीच्या तोंडापासून वर जात सगळ्या दंडांच्या माथ्यावरून पेन्सिल फिरवा आणि पाणलोटाची हद्द आखा. बहुतेक वेळा ती पानाबाहेर जाते, पुढचं पान जोडावं लागतं, मग त्यापुढचं. परीयाचंच बघा. तिचा उगम ब्राइस कॅनियनच्या बाजूला. म्हणजे तुम्ही अॅरिझोनाच्या सीमेवरच्या अरुंद पात्रात निळ्या आभाळाखाली उभे, आणि काळजी करायची ब्राइसवरच्या ढगांची. हवामानाचा अंदाज बघताना गाडी लावता त्या जागेचा बघून उपयोग नाही, आखलेल्या हद्दीतल्या वरच्या टोकाचा बघायचा.

दुसरं, घळीच्या आत जिथे रेषा जरा फाकतात, पात्राहून उंच असा एखादा सपाट टप्पा दिसतो, अशा जागांवर आधीच खूण करून ठेवा. बकस्किन गल्चमध्ये कितीतरी मैल अशी जागाच येत नाही, मधे वर निघायची एकच ओळखीची वाट. शंका असेल तर आत शिरू नये, दुसरा मार्ग नाही.

तिरकस

आता गंभीरपणे एक शंका. लेक पॉवेलच्या (ग्लेन कॅनियन धरणाच्या तलावाच्या) बाजूच्या पानांवर उपघळींच्या तोंडाशी आतपर्यंत निळा रंग भरलाय. हल्लीच्या फोटोंत तिथे झाडं उगवलेली दिसतात. नकाशा चूक की फोटो?

भूगर्भी

दोन्ही बरोबर, काळ वेगळा. ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद झाले, तलाव पहिल्यांदा पूर्ण भरला १९८० मध्ये. नकाशावरचा निळा काठ म्हणजे ती पूर्ण पातळी, समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट. २०२३ च्या सुरुवातीला पाणी ३,५२० फुटांच्या आसपास उतरलं होतं. म्हणजे निळ्या रंगाखाली १८० फूट उंचीची घळ उघडी पडलेली, तळाशी गाळ, त्यात विलो आणि कॉटनवुड. एस्कलांटेच्या तोंडाकडच्या घळींत नकाशावरचा काठ धरून योजना आखू नका. ताजी पातळी रोज जाहीर होते, तो आकडा घ्या.

धरणाआधीचे नकाशेही स्कॅन करून ठेवलेत. त्यांत तलावाखालच्या घळींचे कंटूर दिसतात, त्यामुळे आता जे बाहेर येतंय त्यासाठी तेच जास्त उपयोगी. तळाचा गाळ मात्र त्यात अर्थातच नाही, आणि ओला असेल तर तो गुडघाभर गिळतो.

रेखांश

अवांतर: होल-इन-द-रॉकचे मॉर्मन (एका ख्रिस्ती पंथाचे वसाहतकार) १८७९ मध्ये याच भागातून गाड्या घेऊन निघाले तेव्हा त्यांच्याकडे कंटूर वगैरे काही नव्हतं. सहा आठवड्यांचा प्रवास ठरवला होता, सहा महिने लागले. जानेवारी १८८० मध्ये कड्यातली एक भेग रुंद करून त्यांनी बैलगाड्या खाली उतरवल्या. ती जागा आजच्या नकाशावर बघा, रेषा मोजा आणि गप्प बसा.

सई_क

:)

बरं, माझा बेत टाकते, जाणकारांनी चिरफाड करावी. एप्रिलचा शेवट, कायोटी गल्च ही एस्कलांटेची उपघळ. फोर्टीमाइल रिजवर गाडी, क्रॅक-इन-द-वॉल या कड्यातल्या भेगेने खाली, मुक्काम, मग जेकब हॅम्ब्लिन कमानीजवळून कातळावरून वर आणि पठारावरून गाडीकडे. नकाशावर मोजलं तर अंतर फार वाटत नाही.

कातळवाट

बेत चांगला आहे. काही मुद्दे.

अंतर सरळ मोजलं असेल तर घळीतला भाग पुन्हा मोजा. ओढा भिंतीच्या आत नागमोडी जातो आणि तुम्ही त्या नागमोडीतही पाणी ओलांडत आडवेतिडवे चालता. नकाशावर दोरा ठेवून मोजलं तरी प्रत्यक्षात ते जास्तच भरतं.

हॅम्ब्लिनजवळची चढण बघून घ्या, साधारण ४५ अंशांचा उघडा कातळ. पाठीवर बॅग असताना बऱ्याच जणांना दोर लागतो. ओला असेल तर विसरा. नकाशावर जागा शोधून ठेवा पण ठरवा तिथे पायथ्याशी उभं राहून. पर्याय म्हणून हरिकेन वॉशकडून बाहेर पडायची वाटही आखून ठेवा, ती लांब आहे पण सोपी आहे.

फोर्टीमाइल रिजच्या रस्त्याचा शेवटचा तुकडा खोल वाळूचा, साधी गाडी अलीकडेच लावा. होल-इन-द-रॉकचा कच्चा रस्ता पाऊस झाल्यावर चिकट चिखल होतो, त्या दिवशी निघूच नका.

प्रवासी_पाखरू

मुक्कामासाठी परवाना लागतो, फुकट आहे. कायोटी गल्चमध्ये विष्ठाही पिशवीतून परत आणावी लागते, तो नियम आहे, पिशव्या आधीच घ्या. पठारावर चालताना काळपट खडबडीत मातीवर पाय देऊ नका, ती जिवंत असते आणि मोडली की सावरायला वर्षानुवर्षं लागतात. कातळावरून किंवा वाळूच्या ओढ्यातून जा. कुठे खापरं, जुन्या भिंती दिसल्या तर बघून पुढे व्हा. उचलणं तर गुन्हाच आहे, पण त्या जागेचे अक्षांश-रेखांश इथे टाकणंही कृपया टाळा.

आणि कुठे जाताय, कधी परत येणार ते घरी लिहून ठेवा. २००३ मध्ये ब्लूजॉन कॅनियनमध्ये अॅरन राल्स्टनचा हात दगडाखाली अडकला तेव्हा तो कुठे गेलाय हे कुणालाच माहीत नव्हतं. नकाशाची एक प्रत, वाट आखलेली, घरच्यांकडे राहू दे.

सई_क

सगळ्यांचे आभार! हरिकेन वॉशची वाट आजच आखते. क्रॅकमध्ये बॅगा दोराने सोडाव्या लागतात असं वाचलं, साधारण किती लांब?

कातळवाट

१५ मीटर पुरतो. माणूस त्या भेगेतून आडवा होऊन जातो, बॅग जात नाही, ती वरून बाजूने सोडायची. खाली उतरलात की समोर वाळूचा मोठा उतार दिसेल. नकाशावर तिथे रेषा कशा एकसारख्या अंतरावर येतात ते आधी बघून ठेवा, वाळूची टेकडी ओळखायला शिकायची तर याहून चांगली जागा नाही. परत त्याच वाटेने यायची वेळ आलीच तर ती टेकडी सकाळी उन्हाआधी चढा.